दोघींचा रसायनाचा पेपर

त्या वर्षी आमच्या घरातून दहावीला दोघी बसल्या होत्या, मी आणि आई. मी बारामतीच्या शाळेतून, गणवेश घालून, दोन वेण्यांना रिबिनी बांधून. आणि आई बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, इंदापूरच्या एका शाळेतून. आमचं गाव या दोन गावांच्या मध्ये लोंबकळणारं. कागदोपत्री आम्ही इंदापूर तालुक्यातले, पण बाजार, दवाखाना आणि लग्नाची साडी बारामतीची. त्यामुळं मायलेकींनी एकच परीक्षा दोन गावांत द्यावी यात गावाला विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते आईनं परीक्षा द्यावी याचंच. ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, सुकडी भाजून वाटायची. सेविकाबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या, आणि पर्यवेक्षिका मॅडम एकदा सहज म्हणून गेल्या, "कमलताई, तुमची दहावी असती तर मी तुमचंच नाव पुढं केलं असतं." आईची नववी झाली होती. दहावीच्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. मॅडम बोलून निघून गेल्या आणि ते वाक्य आमच्या घरात मुक्कामाला राहिलं.

घर म्हणजे कालव्याच्या चौकीशेजारच्या दोन सरकारी खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या रानाला किती वेळ द्यायचं हे बघायचं, चाऱ्यांची, म्हणजे पोटकालव्यांची, दारं उघडायची, झाकायची, आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. पाणी वाहतं असलं की घरात सतत एक घुमणारा आवाज असायचा, आणि पाणी बंद झालं की पहिले दोन दिवस आम्ही उगाचच मोठ्यानं बोलायचो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर टेप लावून जायचे. एक गाणं दूरवरून यायचं, आमच्या दारात कान फाडायचं आणि वळणापलीकडं विरून जायचं, तेवढ्यात मागचा ट्रॅक्टर दुसरं गाणं घेऊन यायचा. या सगळ्यात आईचा अभ्यास चालायचा. तिला बसून वाचायची सवय नव्हती. ती भाकरी थापताना पाठ करायची. परातीत पीठ पडलं की हाताच्या तालावर सुरू, "सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, ॲल्युमिनियम तीन." संयुजांचा तक्ता मी भिंतीवर चिकटवलेला होता, पण तिला तो बघावा लागायचा नाही. अडली की तिचा हात थांबायचा, आणि हात थांबला की तव्यावरची भाकरी करपायची. त्या हिवाळ्यात करपलेल्या भाकरीवरून मला कळायचं की आज लोखंड आलं होतं. लोखंडाच्या संयुजा दोन आहेत हे तिला कधीच पटलं नाही. "एकाच माणसाचा सोभाव दोन दोन कसा आसंल?" ती म्हणायची. अण्णा जेवता जेवता मान खाली घालून म्हणायचे, "आसतो की."

मराठी, इतिहास, भूगोल यात आईला काही शिकवावं लागलं नाही. गणितात ती हिशेब बरोबर करायची, फक्त रीत लिहायची नाही. इंग्रजीचं आम्ही दोघींनी देवावर सोडलं नव्हतं, कारण आमच्या घरात देव नव्हता. ते आम्ही पाठांतरावर सोडलं होतं. अडायचं ते विज्ञान भाग एक, आणि त्यातही रसायन. तिला विषय कळत नव्हता असं नाही. उलट तिला तो जास्तच कळायचा. चुनकळीवर पाणी टाकल्यास काय होते, या प्रश्नाला तिनं उत्तर लिहिलं होतं, "मडकं तडकतं. म्हणून मडकं आधी भिजवून घ्यावं व पोरांना लांब ठेवावं." दर दिवाळीआधी भिंती रंगवायला चुना तीच भिजवायची, मग ती दुसरं काय लिहिणार? कठीण पाण्यात साबणाला फेस का येत नाही, तर "पाणी बोअरचं असेल." मी हसून हसून लोळले होते. ती शांतपणे म्हणाली, "मग काय कालव्याचं आसतंय?"

इंदापुरात शेख सर दर रविवारी बाहेरून बसणाऱ्यांचा वर्ग घ्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. त्यांची शाळा त्यांना प्रयोगशाळा उघडून द्यायची आणि लांबट टेबलांभोवती एक गवंडी, दोन होमगार्ड, पिठाच्या गिरणीचा एक मालक आणि आई, असे सगळे स्टुलांवर बसायचे. एकटीनं जायला आई लाजायची, म्हणून मी सोबत. सर पन्नाशीचे, सडपातळ, कानात अत्तराचा फाया, आणि पँटच्या एका पायाला सायकलची क्लिप, जी ते वर्गातही काढायला विसरायचे. त्यांच्या वडलांचं किराणा दुकान होतं, आणि सरांचं सगळं रसायनशास्त्र त्या दुकानातून यायचं. "गिऱ्हाईक आलं, पावशेर साखर मागितली," ते सांगायचे. "तुमी त्याला गूळ दिला, चहाची पुडी दिली, दुकान कधी काढलं ते सांगितलं. साखर दिली न्हाय. तो पैसे देईल का? पेपर तपासणारा गिऱ्हाईक हाय. मागितलं तेच द्या, आन मागितलं तेवढंच द्या."

आईचं पहिलं समीकरण त्यांनी तपासलं तो प्रसंग मी अजून वर्गात सांगते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं. डावीकडं ऑक्सिजनचे दोन, उजवीकडं पाण्यात एकच. आईनं तो कमी पडणारा एक ऑक्सिजन सरळ पाण्याच्या सूत्रात घुसवला, खाली बारीकसा दोन लिहिला, आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, हे पाणी राहिलं न्हाय. हे जखमेवर टाकायचं औषध झालं, फसफसणारं. हे पिलं तर माणूस दवाखान्यात जाईल." आई घाबरली. मग सरांनी विचारलं, "पाव्हणे जास्त आले तर तुमी भाकरी मोठी थापता का जास्त थापता?" "जास्त थापते." "मग रेणूबी जास्त घ्या. भाकरीचा आकार बदलायचा न्हाय, पुढं आकडा टाकायचा." आईनं हायड्रोजन आणि पाणी, दोन्हींपुढं दोन लिहिला, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. नंतर आयुष्यात ती त्या चुकीकडं कधी गेली नाही. मी गेली वीस वर्षं रसायन शिकवते आहे आणि बोर्डाचे पेपरही तपासते, आणि दरवर्षी कितीतरी मुलं पाण्याचं औषध करून ठेवतात. त्यांच्या आया भाकरीऐवजी पोळ्या करतात एवढाच काय तो फरक.

माझी गोष्ट वेगळी होती. मी हुशार म्हणून प्रसिद्ध होते. माझ्या बारामतीच्या शाळेत मी पहिल्या तिघींत असायचे, आणि रसायन तर मला तोंडपाठ होतं, धड्यातल्या चित्रांखालच्या ओळींसकट. अशा वेळी जानेवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि विज्ञान भाग एकमध्ये मला साठापैकी चौतीस मिळाले. माझ्या पुढच्या बाकावरची, जिला मी संयुजा शिकवल्या होत्या, तिला एकावन्न. मी घरी येऊन दप्तर आपटलं. आमच्या बाईंनी मुद्दाम मार्क कापले असं माझं ठाम मत झालं. "माझं एकबी उत्तर चुकीचं न्हाय," मी आईला म्हणाले. आईनं विचारलं, "मग कापलं कशाचं?" "तेच तर." अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "रविवारी सरांना दाखव." मला तेच हवं होतं. आमच्या बाईंचा अन्याय सिद्ध करणारा माणूस म्हणून मी शेख सरांची मनात नेमणूक करून टाकली.

रविवारी वर्ग सुटल्यावर मी पेपर पुढं केला. सरांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग प्रश्नपत्रिका मागितली. दोन्ही घेतलं आणि माझ्याकडं न देता आईसमोर ठेवलं. खिशातला लाल पेन काढून तोही ठेवला.

"ताई, हा पेपर तुमी तपासा."

आई हसली. "मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत तेच बरं. प्रश्न वाचायचा. तो काय मागतो ते बघायचं. मग उत्तरात ते कुठं हाय ते शोधायचं. सापडलं की बरोबरची खूण करायची. एवढंच."

गिरणीवाले निघाले होते, ते परत येऊन बसले. आई स्टुलावर सरकून बसली, पदर खोचला, आणि मोठ्यानं वाचू लागली. तिला मनातल्या मनात वाचता यायचं नाही. "मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवल्यास काय दिसेल?" मग माझं उत्तर. माझं उत्तर दीड पान होतं. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील का, क्रियाशीलतेची मालिका पोटॅशियमपासून सोन्यापर्यंत, विस्थापन म्हणजे काय त्याची व्याख्या, समीकरण, आणि वर लोखंड गंजू नये म्हणून काय करावं याच्या चार ओळी. आई वाचत राहिली. तिचं बोट ओळीखालून हळूहळू सरकत होतं. शेवटाला पोचली, मागं आली, पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं.

"वैशे," ती म्हणाली, "दिसंल काय?"

"अगं, विस्थापन अभिक्रिया घडते. वर लिहिलंय की."

"ते घडतंय. पण डोळ्यांला काय दिसंल? मी तितं उभी हाय, गिलास माझ्यासमोर हाय, तर मला काय दिसंल?"

"निळा रंग फिका होतो. आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो," मी म्हणाले.

"मग ते लिहिलंस कुठं?"

मी पेपर ओढून घेतला. मलाही सापडेना. क्रियाशीलतेच्या मालिकेतला सोन्यापर्यंतचा प्रत्येक धातू होता, पण रंग नव्हता. मला इतकं माहीत होतं की साधं दिसणारं लिहायचं राहून गेलं होतं. सर टेबलावर सांडलेलं पाणी फडक्यानं पुसत होते.

आईला आता गोडी लागली. पुढचा प्रश्न, कोणतेही तीन सोडवा. मी पाचही सोडवले होते, हुशारी दाखवायला. "तीन मागितलेत, पाच दिलेत," आई म्हणाली. सरांनी सांगितलं की तपासणारा पहिले तीन धरतो, आणि माझे पहिले तीन नेमके घाईतले होते. फरक स्पष्ट करा यात मी आम्लाबद्दल चवीचं लिहिलं होतं आणि समोर अल्कलीबद्दल लिटमसचं, तर आई म्हणाली, "हिची चव इचारली तर तिचा रंग सांगतेस?" हायड्रोजन तयार करण्याची आकृती मी काढली होती, पण नावं द्यायला वेळ उरला नव्हता, कारण वेळ सोन्यापर्यंत गेला होता. इथं मात्र सरांनी स्वतः बोट ठेवलं. नरसाळ्याची लांब नळी मी आम्लाच्या वरच लटकत ठेवली होती. "तोंड आम्लात बुडालेलं पायजे. नाहीतर सगळा वायू या वाटेनं पळून जाणार आन तुझ्या बरणीत काही येणार न्हाय. ही एक चूक निम्मा वर्ग करतो." होमगार्डपैकी एकानं लगेच स्वतःची वही उघडून पाहिली आणि गुपचूप खोडरबर मागितलं.

सगळं झाल्यावर आईनं खुणा मोजल्या. "बत्तीस होत्यात सर. त्यांनी तर दोन जास्तच दिलेत." गिरणीवाले खो खो हसले. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, पण हसूही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस शिंकतो तसं काहीतरी झालं. सर म्हणाले, "पोरी, तुझ्या डोक्यात मावत न्हाय एवढं हाय. ते सगळं चांगलं हाय. फक्त दुकानात उभी राहा आन गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी ऐक." मग आईकडं वळले. "आन ताई, तुमचं उलट हाय. तुमी बघितलेलं लिहिता, ते खरं हाय, पण पुस्तकाच्या शब्दात लिहा. मडकं तडकतं ते कशानं? उष्णतेनं. तर उष्णता बाहेर पडते हे लिहा. मडक्याला मार्क न्हायत."

त्या दिवशी आम्ही स्टँडकडं जाताना आईनं उजनीच्या पाण्यातली चिलापी घेतली. एरवी ती भाव करताना कोळणीला जेरीस आणायची, त्या दिवशी मुकाट घेतली. घरी कालवण रटरटत असताना आमचा करार झाला. रोज मी तिला तीन प्रश्न घालायचे आणि ती पुस्तकाच्या शब्दांत सांगणार. आणि ती मला तीन घालणार, आणि मी एकही शब्द जास्तीचा बोलले तर ती उलथनं तव्यावर आपटणार. तिखट कालवणाच्या वासात मी शिकले की 'कारण द्या' म्हणजे 'म्हणून' पर्यंत पोचायचं, 'काय होते' म्हणजे झालेलं सांगायचं, आणि 'समीकरण लिहा' म्हटलं नसेल तरी लिहिलेलं खपतं पण म्हटलं असेल तर न लिहिलेलं खपत नाही. अण्णा मध्येच येऊन विचारायचे, "जेवायला कधी?" आणि आई म्हणायची, "गिऱ्हाईक, थांबा जरा."

विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी आम्ही दोघी एकाच फाट्यावर उभ्या होतो, ती रस्त्याच्या या कडेला, मी त्या कडेला. माझी गाडी पश्चिमेला, तिची पूर्वेला. आईनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि हातात पारदर्शक पिशवी होती, तिच्यात दोन पेन, पट्टी, हॉलतिकीट. माझी एसटी आधी आली. खिडकीतून बघितलं तर अण्णा सायकल घेऊन तिच्या शेजारी उभे, आणि ती ओठ हलवत होती. तिची गाडी त्या दिवशी आलीच नाही. बराच वेळ वाट पाहून अण्णांनी उसाचा ट्रॅक्टर थांबवला, तर ट्रॅक्टर कारखान्याला, उलट्या दिशेला. शेवटी दुधाचा एक टेम्पो मिळाला. पुढं जागा नव्हती. आई मागं दुधाच्या कॅनांच्या मध्ये, एका हातानं फळी आणि एका हातानं पिशवी धरून इंदापूरला पोचली. ती वर्गात शिरली तेव्हा पेपर वाटून झाले होते. हे तिनं मला संध्याकाळी सांगितलं, तेही मी साडीवरचे पांढरे डाग विचारले म्हणून. पर्यवेक्षकानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बाई, मुलाला सोडायला आल्या असाल तर बाहेर थांबा." आईनं हॉलतिकीट दाखवलं आणि बसली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पयला प्रश्न वाचला, काय कळंना. मग दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचला, तर तो बाबा म्हणला, मनात वाचा. मग मनात वाचला." तिनं साडीवरचा एक डाग नखानं खरवडला. "मला मनात वाचता येतं गं वैशे. आजच कळलं."

तिकडं बारामतीत मी काय केलं? मी प्रश्न वाचला, पेन टेकवला, आणि धातूंची मालिका पोटॅशियमपासून सुरू करणार तेवढ्यात मला तव्यावर आपटलेल्या उलथन्याचा आवाज आल्यासारखा वाटला. खरंच सांगते, मी दचकले. मग जे दिसेल ते लिहिलं, दोन ओळींत, आणि पुढं गेले. पेपर संपला तेव्हा माझ्याकडं चक्क वेळ उरला होता, आणि हात रिकामे ठेवून बसणं किती अवघड असतं हे मला तेव्हा समजलं.

निकाल जूनमध्ये लागला. मला विज्ञानात चांगले, म्हणजे घरात सांगण्यासारखे मार्क पडले. आईला विज्ञानात काठापेक्षा बरेच वर, आणि इंग्रजीत अगदी काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. ती पास झाली. पुढची हकीकत थोडक्यात सांगायची तर सेविकेची जागा तिला लगेच मिळाली नाही. ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, आणि आई आणखी दीड वर्ष मदतनीसच राहिली. मग शेजारच्या वाडीत नवी अंगणवाडी झाली तेव्हा मॅडमनी आपला शब्द पाळला. त्या वाडीतली दोन पिढ्यांची पोरं आईच्या हाताखालून गेली. शेख सर तिची पहिली पोषण-सभा बघायला मुद्दाम सायकलवरून आले होते, पायाला क्लिप तशीच. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचा आहे तो निकालाचा दिवस.

अण्णांनी पेढ्यांचे दोन पुडे आणले. रिवाजाप्रमाणं पेढे पोरीनं वाटायचे असतात, पण आई म्हणाली, "तू बस. मी जाऊन येते." मी तरी मागोमाग गेलेच. दर दारात ती पेढा पुढं करायची आणि हळू आवाजात म्हणायची, "पास झाले." आणि दर दारात बाया म्हणायच्या, "वैशाली व्हय? मागं ऱ्हायली आसती का ती?" आई हसायची आणि पुढच्या दाराकडं वळायची. अशी चार घरं झाली. शेवटचं घर तात्यांचं. तात्या कालव्यावरचे जुने मुकादम, आता ऐकायला कमी. ओट्यावर बसलेले, भोवती रिकामटेकडी मंडळी. आईनं पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

"पास झाले, तात्या."

"आं? कोण झालं?"

"पास झाले."

"वैशाली झाली? बेस झालं."

आईनं एकदा ओट्यावरच्या माणसांकडं बघितलं. मग ती वाकली आणि तात्यांच्या कानाजवळ, पण अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैशाली बी झाली. आन मी बी झाले. मी, कमल. मी दहावी पास झाले."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि आईकडं पाहिलं. "मग आता," ते म्हणाले, "अकरावीला जाणार का?"

आईनं पदर सावरला आणि खरोखरच विचार केला.

"जाईन म्हणते," ती म्हणाली. "पण सायन्स न्हाय घेणार."